घरात पाच माणसं, फ्लू एक: काढ्यावर भागेल का?

प्रश्न: डॉक्टर, आम्ही नागपूरला मानेवाड्यात राहतो. तान्हा पोळा झाला आणि दोनच दिवसांत मिस्टर (४१, बुटीबोरीला नोकरी) तापाने फणफणले. तपासणीत इन्फ्लुएन्झा ए निघाला. मुलगा सहा वर्षांचा, वजन २० किलो, त्यालाही काल संध्याकाळपासून ताप आहे. सासूबाई ६८ वर्षांच्या, शुगर आणि बीपी दोन्ही. त्या आज सकाळपासून नुसत्या पडून आहेत, पण ताप ९९ च आहे. नणंद पाच महिन्यांची गरोदर, सणाला माहेरी आलेली, ती अजून ठीक आहे. सासूबाईंच्या सांगण्यावरून सगळ्यांना गुळवेल, सुंठ, मिरे, तुळस, ज्येष्ठमध आणि गुळाचा काढा चालू आहे. हळदीचं दूध, वाफ, ओव्याची धुरीही चालू आहे. आम्हाला शक्यतो नैसर्गिक उपायच करायचे आहेत. शेजारचे म्हणतात अझिथ्रो या अँटिबायोटिकचा कोर्स करून टाका आणि सलाईनची एक एक बाटली लावून घ्या, ताकद येते. काय करू?

उत्तर: ताई, सासूबाईंना आजच डॉक्टरांना दाखवा. बाकीचं उत्तर ऑटोत बसून वाचलं तरी चालेल.

वय ६८, मधुमेह, रक्तदाब, घरात फ्लूचा पक्का रुग्ण आणि सकाळपासून पडून. एवढं पुरे आहे. ९९ चा आकडा पाहून तुम्हाला हायसं वाटलं असेल, पण वय झालेल्या माणसाला फ्लूत ताप चढतोच असं नाही. कित्येकदा तो सुस्तीतून, जेवण नको म्हणण्यातून, थोडं असंबद्ध बोलण्यातूनच दिसतो. ऑसेलटामिवीर हे विषाणूवरचं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत मिळालं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, आणि त्यांची लक्षणं आज सकाळची आहेत. म्हणजे वेळ हातात आहे. अशा जोखमीच्या रुग्णात रिपोर्टची वाट पाहत बसायचं नसतं. औषध द्यायचं की नाही ते तपासून तिथले डॉक्टर ठरवतील, पण ते ठरवण्याची संधी त्यांना आज मिळाली पाहिजे, परवा नाही. आणखी एक कारण आहे. फ्लूचं निदान झाल्यावरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहापट वाढतो, असं २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात दिसलं. शुगर-बीपीच्या माणसाच्या छातीत दुखलं तर त्याला 'खोकून खोकून दुखत असेल' असं म्हणून सोडून देऊ नका.

जाताना त्यांच्या रोजच्या गोळ्यांची पाकिटं आणि शुगरचे गेल्या काही दिवसांचे आकडे घेऊन जा. काढ्यात काय काय पडलं तेही कागदावर लिहून न्या. डॉक्टर रागावतील म्हणून काढा लपवणारे लोक मला रोज भेटतात. रागावले तर रागावू द्या, पण सांगा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तुम्ही विचारलंय की नैसर्गिक की ॲलोपॅथी. मी हा प्रश्न वेगळा मांडेन: घरात फ्लू कोणाला झाला आहे? तुमच्या मिस्टरांसाठी बहुतेक सगळा उपचार नैसर्गिकच आहे, त्याला माझी काहीच हरकत नाही. तोच उपचार, तेच पातेलं, तीच वाटी सासूबाईंपुढे ठेवली की मात्र मला काळजी वाटते.

यामागचं कारण समजून घ्या. इन्फ्लुएन्झाचा विषाणू नाकातल्या, घशातल्या आणि श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराच्या पेशींत शिरतो, तिथे वाढतो आणि त्या पेशी मारतो. संसर्ग झाल्यापासून साधारण दोन दिवसांत, कधी एका तर कधी चार दिवसांत, माणूस आजारी पडतो, आणि तोही एकदम. साधी सर्दी शिंकत शिंकत, दोन दिवस घेऊन येते. फ्लूचा रुग्ण 'दुपारी चारपर्यंत ठीक होतो, सहाला अंथरुणात होतो' असं वेळेनिशी सांगतो. ताप १०२-१०३, डोळ्यांच्या मागे दुखतं, पाठ आणि मांड्या ठणकतात, कोरडा खोकला येतो. हा ठणका विषाणूपेक्षा जास्त आपल्या प्रतिकारशक्तीने उठवलेला असतो, लढाई चालू असल्याची ती खूण आहे. धडधाकट माणसाचं शरीर ही लढाई स्वतःच जिंकतं. ताप तीन ते पाच दिवसांत उतरतो. खोकला आणि अंगातला गळाठा दोन आठवडे, कधी त्याहून जास्त रेंगाळतो.

इथेच एक गंमत होते. ताप चौथ्या-पाचव्या दिवशी उतरणारच असतो, आणि त्या दिवशी घरात जे काही चालू असेल त्याला श्रेय मिळतं. काढा चालू असेल तर काढ्याला. तिसऱ्या दिवशी घाबरून अझिथ्रोमायसिन घेतलं असेल तर त्याला. बाटली लावली असेल तर बाटलीला. म्हणून या शहरात दहा घरांत विचाराल तर दहा रामबाण उपाय सापडतील आणि सगळे स्वतःच्या अनुभवाचे असतील. लोक खोटं बोलत नाहीत. पण या आजारात अनुभव फार सहज फसवतो.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. १९१८ च्या साथीत देशातल्या सगळ्यात होरपळलेल्या भागांमध्ये आपला मध्य प्रांत होता आणि नागपूर त्याची राजधानी. तेव्हा घरोघरी काढा करणाऱ्या आज्या आजच्यापेक्षा कमी नव्हत्या, सुंठ-मिरे आणि तुळसही होती. नव्हता तो ऑक्सिजन, विषाणूवरचं औषध नव्हतं, आणि फ्लूमागून येणाऱ्या न्यूमोनियासाठी प्रतिजैविकं नव्हती.

तर काढा. त्यातलं एकेक वेगळं काढून पाहू, कारण 'काढा' नावाची एक वस्तू नसतेच, प्रत्येक घराचा वेगळा असतो.

सुंठ, तुळस, थोडं मिरं, दालचिनी घातलेलं गरम पाणी घशाला बरं वाटतं, नाक थोडं मोकळं होतं आणि मुख्य म्हणजे पोटात पाणी जातं. फ्लूत तापाने आणि भरभर श्वासाने शरीरातलं पाणी उडतं, तोंडाला चव नसते, साधं पाणी प्यावंसं वाटत नाही. मिस्टरांनी दिवसातून दोनदा अर्धा कप पातळ काढा घ्यावा, मी नाही म्हणणार नाही. त्याने विषाणू मरत नाही, माणसाला बरं वाटतं, आणि आजारपणात बरं वाटणं ही काही क्षुल्लक गोष्ट नाही. पण २०२० मध्ये करोनाच्या वेळी लोकांनी तो चार-चार वेळा, काळाकुट्ट आटवून घेतला आणि दवाखान्यात जळजळ, छातीत आग, तोंड आलेलं असे रुग्ण यायला लागले. उपाशीपोटी तापाच्या गोळ्या आणि वर मिऱ्याचा काढा, एवढं पोटाच्या अस्तराला पुरेसं आहे.

ज्येष्ठमध मात्र सासूबाईंच्या कपातून आजच काढा. खोकल्यासाठी तुकडा चघळणं वेगळं, पण रोजच्या काढ्यात उकळलेलं ज्येष्ठमध शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम कमी करतं आणि रक्तदाब वाढवतं. गूळ म्हणजे साखरच, आणि आजारपणात मधुमेह्याची शुगर तशीही वर जाते. नैसर्गिक आहे म्हणून शुगर गुळाला सूट देत नाही.

गुळवेल. इथे मी जरा कडक आहे. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गफलत झाली असावी असं त्यांचं म्हणणं. वाद काहीही असो, घरच्या माणसासाठी अर्थ एकच निघतो: कुंपणावरून तोडून आणलेली वेल गुळवेलच आहे याची खात्री तुम्हाला नाही, मात्रा ठाऊक नाही, आणि ती रक्तातली साखरही उतरवते. मधुमेहाच्या गोळ्या चालू, जेवण बंद आणि वर गुळवेल, यात पहाटे साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदर नणंद आणि मुलाला तर मुळीच नको. तुमचे वैद्य असतील आणि त्यांनी नाडी-पोट तपासून, माप ठरवून काही दिलं तर ती वेगळी गोष्ट. माझे आयुर्वेदातले स्नेही तापात आधी लंघन आणि हलकं पातळ अन्न सांगतात, नागरमोथा-वाळा-सुंठ घालून उकळलेलं षडंगपानीय देतात. आटवलेल्या मिऱ्याच्या काढ्यापेक्षा ते किती तरी सौम्य आहे. पण लंघन म्हणजे मधुमेहाच्या म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवणं नव्हे.

नैसर्गिक-अनैसर्गिक वादात मला एक उदाहरण आवडतं. आपल्या सावजी मसाल्यात चक्रीफूल असतं. त्याच्या चिनी जातीतून शिकिमिक ॲसिड नावाचा पदार्थ निघतो आणि ऑसेलटामिवीर बनवण्याचा कच्चा माल म्हणून तो वापरला गेला. म्हणजे फ्लूच्या सगळ्यात ओळखीच्या गोळीची सुरुवात मसाल्याच्या डब्यातल्या फुलातून झाली. पण फुलापासून गोळीपर्यंत प्रयोगशाळेतल्या बऱ्याच पायऱ्या आहेत आणि शिकिमिक ॲसिड स्वतः विषाणूला काहीही करत नाही. २००९ च्या स्वाइन फ्लूत लोकांनी चक्रीफुलाचे काढे प्यायले होते, म्हणून सांगतो. सावजी रश्श्याने नाक वाहतं ते मिरचीने, फ्लू जातो म्हणून नाही.

हळदीचं दूध चालेल. हळदीतलं कर्क्युमिन पोटातून फारसं शोषलं जात नाही, त्यामुळे चमत्काराची अपेक्षा नको. पण रात्री गरम दूध पोटात गेलं तर झोप लागते आणि थोडं प्रथिन मिळतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हळदीच्या कॅप्सूल मात्र नकोत. एक वर्षाच्या वरच्या मुलाला झोपताना अर्धा-एक चमचा मध खोकल्यासाठी खरंच कामाचा आहे, आणि यामागे बऱ्यापैकी अभ्यासही आहेत. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, बोट बुडवूनसुद्धा नाही, त्यातून बॉट्युलिझम नावाचा घातक आजार होऊ शकतो. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब यांना माझा पूर्ण पाठिंबा: स्वस्त, निरुपद्रवी, उपयोगी.

वाफेबद्दल तुमचं मन मोडावं लागेल. वाफेने विषाणू मरत नाही, आजार लवकर बराही होत नाही. थोडा वेळ नाक सुटतं, बस. आणि जमिनीवर ठेवलेलं उकळत्या पाण्याचं भगोणं, त्यावर चादरीत गुंडाळलेलं लेकरू, हे दृश्य भाजलेल्या मुलांच्या वॉर्डात संपताना पाहिलं आहे. मिस्टरांना घ्यायची तर घेऊ द्या, मुलाला अजिबात नको. ओव्याची धुरी आजच बंद करा. सुजलेल्या श्वासनलिकेला धूर म्हणजे धूर, ओव्याचा असो की टायरचा. कापूर-ओव्याची पुरचुंडी मुलाच्या उशाशी बांधू नका. कापूर लहान मुलांना विषारी आहे, चुकून तोंडात गेला तर झटके येतात.

आणि संत्रं? सर्दीत संत्रं नको, हा आपल्याकडचा मोठा समज. ज्या शहराची ओळखच संत्रं आहे तिथे हे ऐकलं की मला हसू येतं. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतात आणि फ्लूची हिवाळी लाटही तेव्हाच असते, म्हणून बिचाऱ्या संत्र्यावर आळ येतो. फळाने फ्लू होत नाही. जीवनसत्त्व क च्या गोळ्या आजारी पडल्यावर सुरू करून काही विशेष फायदा होत नाही, पण कडू पडलेल्या तोंडाला एक आंबट-गोड फळ चालत असेल तर खाऊ द्या.

मिस्टरांचा उपचार एवढाच: पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५०, लागेल तेव्हा सहा तासांच्या अंतराने, दिवसात तीन ग्रॅमच्या आत. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, दोन्ही एकत्र घेऊन मात्रा दुप्पट होते, हे फार घडतं. पातळ आहार, ज्वारीच्या कण्या, मुगाच्या डाळीचं पाणी, मऊ खिचडी, ताक जे आवडेल ते. दर चार-पाच तासांनी लघवी फिकट पिवळी होत असेल तर पाणी पुरतंय. आणि विश्रांती, जी बुटीबोरीची नोकरीवाली माणसं घेत नाहीत. तिसऱ्या दिवशी गोळी खाऊन कंपनीच्या बसमध्ये बसायचं, स्वतः ढेपाळायचं आणि बसभर वाटायचं. गोळी न घेता २४ तास ताप नसेल तेव्हाच कामावर. खर्रा (तंबाखू-सुपारी) खात असतील तर निदान हे दहा दिवस सोडू द्या. त्यांना ऑसेलटामिवीर हवंच असं नाही. धडधाकट माणसात त्याने आजार एखाद्या दिवसाने कमी होतो, काहींना मळमळ होते. आपल्या सरकारी मार्गदर्शनातही अशा सौम्य रुग्णाला घरी ठेवून २४ ते ४८ तास लक्ष ठेवायला सांगितलं आहे. त्या 'लक्ष ठेवा' मध्येच सगळं आलं.

मुलाचं जरा सविस्तर सांगतो, कारण चुका तिथेच होतात. पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर असते, किलोला १० ते १५ मिलीग्रॅम. तुमच्या २० किलोच्या मुलाला एका वेळी २०० ते ३००. आता घरातली सिरपची बाटली उचला आणि मागची बारीक अक्षरं वाचा. एकावर लिहिलेलं असतं ५ मिलीत १२०, दुसऱ्यावर ५ मिलीत २५०. आणि ड्रॉप्सची छोटी बाटली असते तिच्यात एका मिलीलाच १००. पहिल्या बाटलीतून ५ मिली दिलं तर मुलाला अर्धीच मात्रा मिळते, ताप उतरत नाही आणि आई म्हणते, या औषधाने काही होत नाही, स्ट्राँग द्या. ड्रॉप्समधून त्याच सवयीने ५ मिली दिलं तर ५०० जातात. २५० वाल्या बाटलीतून ५ मिली, सोबत आलेल्या मापानेच, स्वयंपाकघरातल्या चमच्याने नाही. दोन मात्रांमध्ये सहा तास ठेवा, फारच लागलं तर चार, आणि दिवसात चारपेक्षा जास्त नाही. ॲस्पिरिन मुलांना फ्लूत कधीच नाही, त्याने यकृत आणि मेंदूवर परिणाम करणारा राय सिंड्रोम होऊ शकतो. अंग कोमट पाण्याने पुसा, बर्फाच्या नाही, आणि तापातल्या मुलाला ब्लँकेटात गुंडाळून घाम काढायचा प्रकार बंद.

खोकल्याचं सिरप देऊ नका. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याहून किडनी निकामी झालेली लहान लेकरं नागपुरात भरती झाली, त्यातली अनेक वाचली नाहीत. खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. साध्या सर्दी-खोकल्यासाठी दिलेलं औषध होतं ते. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना अशी औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा नकोच. तुमचा मुलगा सहाचा आहे, पण भेसळ सोडली तरी या सिरपांचा मुलांना फायदा फारसा दिसत नाही. मध आहे ना.

मुलाचा श्वास मोजायला शिका. शांत झोपलेला असताना शर्ट वर करा, मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावा, पोट किती वेळा वर येतं ते मोजा. त्याच्या वयात ३० च्या वर जात असेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, पाणीही नको म्हणत असेल, आठ तासांत लघवी झाली नसेल किंवा उठवून नीट उठत नसेल तर लगेच दवाखान्यात. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप गेल्यावर पोट्टं पोटऱ्या दुखतात म्हणून चालायलाच नाही म्हणालं तर घाबरू नका, फ्लूत मुलांच्या स्नायूंना सूज येते आणि काही दिवसांत ती जाते. फक्त लघवी काळसर, चहासारखी दिसली तर डॉक्टरांना दाखवा.

अझिथ्रोबद्दल शेजाऱ्यांना एवढंच सांगा की ते जिवाणूवर चालतं, फ्लू विषाणूने होतो. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ या प्रकारच्या फ्लूची लाट होती तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने हेच सूचनापत्र काढून सांगितलं होतं. प्रतिजैविक लागतं ते फ्लूच्या मागून न्यूमोनिया झाला तर. त्याची खूण अशी: माणूस सुधारतो, एक-दोन दिवस ताप नसतो आणि मग पुन्हा जोरात ताप भरतो, पिवळा-गंजकट बेडका, दम, छातीत टोचणं. मोठ्या माणसात ही खूण दिसली, किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, ओठ निळसर पडले, बोलणं भरकटलं, तर घरातला प्रत्येक उपाय थांबवून मेडिकल, मेयो, एम्स, यांतलं जे रुग्णालय जवळ असेल तिथे जा.

बाटलीने ताकद येते हा आपल्या विदर्भाचा आवडता समज. अर्धा लिटर ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच चहाचे चमचे. ज्याला तोंडाने पिता येतं त्याला मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी तेच काम करतं. उलट्या थांबत नसतील, पाणी पोटात राहत नसेल तर सलाईन हवंच, तिथे शंका नाही.

नणंदबाई. गरोदरपणात फ्लू जास्त बिघडतो, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत, कारण फुप्फुसाला जागा कमी आणि हृदयावर ताण जास्त. तिला आजच वेगळ्या खोलीत ठेवा, शक्य असेल तर सासरी पाठवा, पण तिला कणकण वाटत नाही ना ते आधी विचारा, कारण माणूस लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासून इतरांना देतो. तिच्या डॉक्टरांना फोन करून घरात फ्लू आहे एवढं सांगा. काहींना आधीच प्रतिबंधक औषध द्यायचं ठरवतात. ताप आलाच तर त्याच दिवशी दाखवायचं. ऑसेलटामिवीर गरोदरपणात देतात, त्याला भिऊ नका. तापासाठी पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन नाही, आणि काढ्यांपासून तिला लांबच ठेवा.

एक सावधगिरी आपल्या भागासाठी. पावसाळ्यातला प्रत्येक ताप फ्लू नसतो, घरात एकाचा रिपोर्ट आला म्हणून सगळ्यांचा तोच असं धरू नका. डेंग्यू याच दिवसांत असतो, त्यात नाक सहसा वाहत नाही. डेंग्यूची शंका असेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या अंगदुखीच्या गोळ्या नकोत. २०१८ च्या पावसाळ्यात नागपुरात स्क्रब टायफसची साथ आली होती, हा ताप गवतातल्या बारीक किड्याच्या चावण्याने येतो. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली काळी खपली पडलेली जखम दिसते, ती दुखत नाही म्हणून कोणी दाखवतही नाही. ताप पाच दिवसांपुढे गेला तर रक्त तपासा आणि अंग नीट पाहा.

घरात अंतर ठेवणं अवघड असतं हे मला कळतं, दोन खोल्यांत पाच माणसं. तरी मिस्टर आणि मुलगा एका खोलीत, खिडकी उघडी, खोलीबाहेर येताना मास्क. खोकलेल्या हाताने रिमोट, नळ, दाराची कडी हाताळली जाते, त्यावर विषाणू एक-दोन दिवस टिकतो, म्हणून साबणाने हात. मोठी माणसं साधारण पाच ते सात दिवस संसर्ग देतात, मुलं त्याहून जास्त. तान्ह्या पोळ्याला महाल-इतवारीत मारबतीच्या पुतळ्याच्या मिरवणुकीत 'खोकला घेऊन जा गे मारबत' म्हणत खांद्याला खांदा लावून उभी राहणारी गर्दी त्याच आठवड्यात खोकला घरी घेऊन येते, हे मी दर वर्षी ओपीडीत पाहतो. मारबत पाहायला जा, फक्त ताप असताना जाऊ नका.

लसीचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. विषाणू दर वर्षी थोडा बदलतो, म्हणून लस दर वर्षी. आपल्याकडे फ्लूच्या लाटा दोन, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात जानेवारी ते मार्च. त्यामुळे लस एप्रिल-मे मध्ये घ्यावी, संरक्षण यायला दोन आठवडे लागतात. ती फ्लू शंभर टक्के थांबवत नाही, चांगल्या वर्षी निम्म्याच्या आसपास, पण भरती होण्याची वेळ कमी येते. सासूबाईंना दर वर्षी हवी. नणंदेला कोणत्याही महिन्यात चालते, आणि तिचं संरक्षण बाळाला पहिले सहा महिने मिळतं, तेवढ्या वयात बाळाला स्वतःला लस देता येत नाही. मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. या वेळचा फ्लू होऊन गेला तरी लस वाया जात नाही, तिच्यात दुसरे प्रकारही असतात. सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रिया आणि मधुमेहींना ती मोफत मिळते का ते विचारा.